स्वयंपाकघरांतील कपाटांचे रंग

रंग निवडणें ही केवळ हौसेची बाब आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. दिवाणखान्यापुरती ती चालेल. स्वयंपाकघराची गोष्ट निराळी. तेथें धूर, वाफ, तेलाचे शिंतोडे व हळदीचे हात यांच्याशीं रोजची गांठ; शिवाय एकदां करविलेलीं कपाटें पुष्कळ वर्षें डोळ्यांसमोर राहावयाचीं. तेव्हां आज शोभेल आणि उद्यां जुनाट वाटणार नाहीं असा रंग कोणता, याचा थोडा विचार करूं.

प्रथम आपल्या जिल्ह्यांतील जुनीं घरें पाहा. घाटावर काय किंवा घाटाखालीं काय, भिंतीस पांढरी माती किंवा चुना, चुलीभोवतीं गेरू आणि फडताळाच्या लांकडी दारांस तेलाचा हात, एवढाच थाट असे. परंतु त्यांतील प्रत्येक रंग कामास लावलेला होता. चुना धुरकट खोलींत उजेड वाढवी व त्याच्या क्षारधर्मामुळें बुरशीस थारा मिळत नसे. गेरू काजळीचे डाग झांकी.

हे मातीचे रंग टिकाऊही असतात. आपल्या जिल्ह्यांतून गेलेल्या अजिंठ्याच्या डोंगररांगेंतच तीं जगप्रसिद्ध लेणीं आहेत. तेथील पांचव्या शतकांतील चित्रांत तांबडा व पिवळा रंग आहे तो अशाच मातींचा. गेरूचा रंग म्हणजे लोखंड व प्राणवायु यांचें संयुग. जें लोखंड आधींच गंजलेलें आहे, त्याचें ऊन आणि हवा आणखी काय बिघडविणार? म्हणून माती, चुना, लांकूड व पानें यांच्या जवळचे रंग डोळ्यांस कधीं परके वाटत नाहींत.

ओट्याखालीं ओळीनें कपाटें बसविण्याची आजची रीत मात्र नवी आहे. इ. स. १९२६ मध्यें मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की या स्थापत्यविशारद बाईंनीं जर्मनींतील फ्रांकफुर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठीं आटोपशीर स्वयंपाकघराची योजना केली. आजच्या स्वयंपाकघराची ती आजीच म्हणावी. तेथील कपाटांस निळसर हिरवा रंग दिला. कारण निळ्या रंगावर माशा बसत नाहींत असा त्या काळीं समज होता. समज कसाही असो, रंगास कारण असावें ही दृष्टि घेण्याजोगी आहे. केवळ फॅशनीमागें गेल्यास काय होतें, तेंही पाहा. इ. स. १७७५ मध्यें शेले या रसायनशास्त्रज्ञानें सोमलापासून एक सुंदर हिरवा रंग बनविला. पुढें युरोपांत घरोघरीं भिंतींच्या कागदांवर तो झळकला, आणि त्याबरोबर विषही घरांत शिरलें!

आतां निवडीच्या दोनतीन गोष्टी. कपाटांचा मोठा भाग शांत रंगाचा असावा. दुधी, मातकट, फिकट हिरवा किंवा लांकडाचा मूळचा. नव्या चालीची हौस मुठी, डबे व पडदे यांवर भागवावी. तीं बदलण्यास खर्च थोडा. उत्तरेच्या खिडकीचा उजेड निळसर असतो, तेथें किंचित् उबदार छटा बरी. पश्चिमेचें कडक ऊन येत असेल, तर थंड व फिकी. दुकानांतील तुकड्यावर विसंबूं नये. मोठ्या पृष्ठभागावर तोच रंग निराळा भासतो. एक फळी रंगवून ती सकाळीं, दुपारीं व रात्रीं दिव्याच्या उजेडांत पाहावी.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जुन्या तेलरंगांत शिसें असण्याचा संभव असतो. भारतांत १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत दशलक्ष भागांस ९० हून अधिक भाग शिसें नसावें असा नियम अमलांत आला. त्यापूर्वींच्या कपाटांस ही हमी नाहीं. असा रंग कोरडा खरवडला म्हणजे धूळ उडून अन्नांत व श्वासांत जाते, आणि लहान मुलांच्या मेंदूस कायमची इजा होते. म्हणून असा जुना रंग कोरडा घासूं नये. पृष्ठभाग ओला करूनच काम करावें, मुलांस दूर ठेवावें, आणि नवा डबा शिसेंविरहित आहे ना हें वाचून घ्यावें.

विद्यार्थिमित्रांनो, घरीं रंगाची गोष्ट निघाली कीं हें वडीलमंडळींस अवश्य सांगा. ज्या रंगांत उजेड आहे, स्वच्छता आहे आणि ज्यापासून कोणास अपाय नाहीं, तो रंग सहसा जुना होत नाहीं.