दिवाळीत जायचं की मे महिन्यात?

डॉल्फिन बघायला कोकणात जायचं असतं, हे आपल्याला ठाऊक आहे. दापोलीजवळच्या मुरुडला किंवा तारकर्लीला सकाळी होडीत बसायचं, समुद्रात दोन-चार पाठी वर आलेल्या दिसल्या की खूश होऊन परतायचं आणि कांदेपोहे खायचे. त्यामुळे मी आणि माझी धाकटी बहीण डॉल्फिन बघायला ब्राझीलला जाणार म्हटल्यावर शेजारचे काका म्हणाले, "अहो, एवढ्या पैशात दापोलीच्या पन्नास फेऱ्या होतील!" हिशेब काही चुकीचा नव्हता. पण आम्हाला जो डॉल्फिन बघायचा होता तो समुद्रातला नव्हताच. तो जंगलात राहतो.

जंगलात म्हणजे अगदी शब्दशः. ॲमेझॉन नदीचं पाणी दरवर्षी चढतं. किती? तर नदीच्या मधल्या पट्ट्यात दहा-बारा मीटर. तीन मजली इमारत बुडेल इतकं. नदी काठ सोडून कित्येक किलोमीटर आत शिरते आणि झाडं काही महिने पाण्यात उभी राहतात. त्यांची फळं पाण्यात पडतात, ती खायला मासे जंगलात येतात, आणि माशांच्या मागोमाग डॉल्फिन. तिथे त्याला 'बोतो' म्हणतात. नर अडीच मीटरपर्यंत लांब. पिल्लं करड्या रंगाची असतात, वय वाढेल तसा गुलाबी रंग येतो. समुद्रातल्या बऱ्याच डॉल्फिनांच्या मानेचे मणके एकमेकांना जोडलेले असतात. बोतोचे सुटे असतात, म्हणून तो मान चांगली वळवू शकतो. बुडालेल्या खोडांमधून आणि फांद्यांमधून वाट काढायची तर ते हवंच.

आता आमची अडचण. बहीण शाळेत शिकवते. तिला सुट्टी दोनदाच, मे महिन्यात आणि दिवाळीत. मी बँकेतून निवृत्त झालेली, मला बाराही महिने सारखे. नकाशा आणि पाण्याचे आकडे घेऊन बसलो तेव्हा गंमत लक्षात आली. मध्य ॲमेझॉनला पाणी सर्वांत जास्त असतं ते मे-जूनच्या सुमारास, आणि सर्वांत कमी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. म्हणजे आपल्या शाळांच्या दोन सुट्ट्या नेमक्या नदीच्या दोन टोकांवर येतात!

मग कुठलं टोक धरायचं? पाणी कमी असतं तेव्हा नदी पात्रात आणि तळ्यांत आक्रसते, डॉल्फिन तिथेच गोळा होतात, हमखास दिसतात. पाणी भरलेलं असतं तेव्हा ते जंगलभर पांगतात. दिसतील कमी, पण झाडांमधून पोहताना दिसतील. बहीण म्हणाली, "ताई, इतक्या लांब जाऊन दिसलेच नाहीत तर?" तिचं म्हणणं मी मानलं. 2023ची दिवाळी ठरली. मुक्काम तेफे गावाजवळच्या मामिराउआ अभयारण्यात. तेफे हे मनाउस शहरापासून पाचशेहून अधिक किलोमीटर वर, आणि मनाउस स्वतःच समुद्रापासून दीड हजार किलोमीटर आत.

सप्टेंबर संपताना तेफेचंच नाव बातम्यांत आलं. ॲमेझॉनच्या खोऱ्यात भयंकर दुष्काळ होता. तेफेच्या तळ्याचं पाणी इतकं उथळ झालं की उन्हानं ते तापून 39 अंशांच्याही वर गेलं. आपण अंघोळीला घेतो तसं कढत पाणी, आणि त्यातून बाहेर पडायला खोल जागा नाही. काही दिवसांत दीडशेहून अधिक डॉल्फिन मेले. बोतो होते, आणि 'तुकुशी' नावाचे लहान करडे डॉल्फिनही. मनाउसच्या बंदरात 1902पासून पाण्याची पातळी नोंदवतात. त्या ऑक्टोबरात ती 13 मीटरच्याही खाली गेली, आजवरची सर्वांत कमी. दोनच वर्षांपूर्वी, जून 2021मध्ये, त्याच बंदरात 30 मीटरची सर्वांत जास्त नोंद झाली होती! आणि 2023चा नीचांकही टिकला नाही, 2024मध्ये मोडला. होड्या जात नव्हत्या, गावंच्या गावं अडकली होती. आम्ही बेत रद्द केला. विमानाचे अर्धे पैसे गेले, त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. आपण ज्या पाण्यात 'हमखास दिसतील' म्हणून जाणार होतो, त्याच पाण्यात ते मेले होते.

तेव्हा कुणी विचारलं तर मी आता मे महिना सांगते. डॉल्फिन कमी दिसले तरी चालतील, आणि नदीत होडी चालते हेही काही कमी नाही. आम्ही मे 2025मध्ये गेलो.

तयारीतल्या दोन-तीन गोष्टी सांगते, कारण त्यांनी आम्हाला घाम फोडला. ब्राझीलचा व्हिसा लागतो; मुंबईत त्यांचा वाणिज्य दूतावास आहे. त्याहून महत्त्वाची पीतज्वराची लस. ती कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. तिचं पिवळं कार्ड आता जन्मभर चालतं. ते जपून ठेवा, कारण खरी गरज परत येताना पडते. आपला देश पीतज्वरापासून मुक्त आहे, डास मात्र आपल्याकडे भरपूर. म्हणून त्या देशांतून कार्डाशिवाय आलेल्या माणसाला विमानतळावरूनच विलगीकरणात ठेवू शकतात, सहा दिवसांपर्यंत. साठी उलटलेल्यांनी ही लस प्रथमच घेताना डॉक्टरांशी नीट बोलावं, त्या वयात तिचा धोका थोडा वाढतो. मी एकसष्टची. डॉक्टरांनी सगळे जुने कागद पाहिले आणि मगच हो म्हटलं.

दुसरी गोष्ट. एका प्रवासी कंपनीच्या माणसानं फोनवर मला सांगितलं, "मॅडम, डॉल्फिनबरोबर पोहायची गॅरंटी!" मनाउसच्या आसपास अशा जागा आहेत. मासे दाखवून बोतोंना तरंगत्या फळीपाशी बोलावतात, पर्यटक पाण्यात उतरतात, फोटो काढतात. माशासाठी त्यांची आपसात झोंबाझोंबी होते आणि माणसाची होडी म्हणजे खाणं ही सवय लागते. ज्या जनावराला कोळ्याच्या जाळ्यापासून लांब राहायचं आहे, त्याला ही सवय घातक. डॉल्फिनांना त्रास देण्याविरुद्ध ब्राझीलमध्ये 1987पासून कायदा आहे. आम्ही त्या गृहस्थांना नमस्कार केला.

कोळ्यांचं निघालं म्हणून सांगते. पूर्वी तिथे बोतोला सहसा कुणी मारत नसे. जूनच्या जत्रांत तो पांढरा सूट घालून देखण्या पुरुषाच्या रूपात येतो, डोक्यावरचं श्वासाचं छिद्र झाकायला टोपी घालतो आणि मुलींना भुलवतो, अशी समजूत. भीतीनं का होईना, जीव वाचत होता. नंतर एका माशाला पकडण्यासाठी आमिष म्हणून बोतोचं मांस वापरायला सुरुवात झाली. व्हेरा द सिल्वा आणि टोनी मार्टिन हे दोघे संशोधक 1994पासून मामिराउआत बोतो मोजत आले आहेत. 2018मध्ये त्यांनी लिहिलं, की तिथली संख्या साधारण दर दहा वर्षांनी निम्मी होते आहे. 2015पासून ब्राझीलनं त्या माशाच्या मासेमारीवर बंदी घातली. जाळ्यात अडकून मरणं मात्र चालूच आहे.

म्हणून राहायची जागा निवडताना आम्ही ती कोण चालवतं हे आधी विचारलं. मामिराउआतलं निवासस्थान ओंडक्यांवर तरंगतं, पाण्याबरोबर वरखाली होतं. वाटाडे आणि स्वयंपाकी आसपासच्या वस्त्यांतले. मनाउसहून तेफेला विमानानं गेलो आणि पुढे वेगवान होडीनं. वेळ असेल तर मनाउसहून मोठी बोटही जाते. डेकवर स्वतःची झोळी टांगून झोपायचं, प्रवास दोनेक दिवसांचा.

आणि दिसले का? दुसऱ्या दिवशी सकाळी वाटाड्यानं डोंगी झाडांमध्ये नेली आणि वल्हं आडवं ठेवलं. आमच्या खाली दहा मीटर पाणी आणि डोळ्यांसमोर झाडांचे शेंडे. समुद्रातल्यासारखी उडी हा प्राणी क्वचितच मारतो. आधी ऐकू येतो तो श्वास, प्रेशर कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो तसा 'फुस्स'. मान वळवेपर्यंत पाण्यावर नुसती वर्तुळं. बहीण वहीत एकेक रेघ मारत होती. दीड तासात अकरा रेघा झाल्या. बाराव्या वेळी तो दोन खोडांच्या मधून वर आला, गुलाबी, लांब तोंडाचा, आणि मान वाकडी करून पलीकडे गेला. ती रेघ मारायची तिची राहूनच गेली.