जीवदान मिळालं, पुढे काय?

‘कत्तलीसाठी नेल्या जाणाऱ्या गोवंशाला जीवदान.’ परतवाडा-अंजनगाव-अकोट पट्ट्यातल्या वाचकाला हा मथळा तोंडपाठ आहे. गाडी पकडली, चालक पसार, जनावरं गोरक्षण संस्थेत रवाना, मुद्देमालाची किंमत अमुक लाख. फोटोत पोलिसांचं पथक आणि मागे फाळक्यावरून डोकावणारी शिंगं. बातमी इथे संपते. दाटीत कोंबलेला, पाय मोडलेला बैल पुढे उठला का, हे महिनाभरानंतरही छापून येत नाही. संक्रांतीपासून प्राणी कल्याण पंधरवडा पाळला जातो. त्यानिमित्ताने हा प्रश्न विचारायलाच हवा.

आपल्याच अमरावती जिल्ह्यातलं प्रकरण घ्या. जानेवारी 2022 मध्ये तळेगाव दशासर पोलिसांनी 58 उंट ताब्यात घेतले. हैदराबादला कत्तलीसाठी चालवल्याची तक्रार होती. उंट अमरावतीच्या गोरक्षण संस्थेत ठेवले गेले. पहिली बातमी अर्थातच सुटकेची. नागपूरचे पत्रकार जयदीप हर्डीकर मात्र ‘पारी’ या ग्रामीण पत्रकारितेच्या संकेतस्थळासाठी या प्रकरणाच्या मागे गेले आणि चित्र पालटलं. पकडलेली माणसं कच्छची पशुपालक निघाली. विदर्भात राहणाऱ्या आपल्याच समाजबांधवांकडे उंट पोचवत होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. हे लोक वऱ्हाडाला परके नाहीत. पीक निघालं की शेतात त्यांच्या मेंढ्या बसवून खत करून घेणारे शेतकरी गावोगावी आहेत. उंटाच्या पाठीवर खाट, भांडीकुंडी आणि वर बसलेलं लेकरू घेऊन जाणारा तांडा कुणी पाहिला नाही? शिवाय उंट हा फिरत झाडपाला खाणारा प्राणी. त्याला आवारात डांबून ठेवलं तर क्रूरता कुठली म्हणायची, हा प्रश्नही पाठपुराव्यामुळेच समोर आला. पहिल्या दिवशीच्या बातमीत तो येऊच शकत नव्हता. त्या 58 उंटांचं शेवटी काय झालं, हे आज किती वाचक सांगू शकतील?

याउलट, कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणी मठाच्या महादेवी हत्तिणीला जुलै 2025 मध्ये न्यायालयाच्या आदेशाने जामनगरच्या ‘वनतारा’ प्राणी केंद्रात हलवलं, तेव्हा हजारो लोक रस्त्यावर उतरले. म्हणून तिची खबरबात रोज आली. ट्रकमधल्या बैलासाठी कोण मोर्चा काढणार?

कायद्याकडे पाहिलं तर काळजी वाढते. 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे 10 ते 50 रुपये! एवढ्या दंडाचा धाक कुणाला वाटणार? त्यामानाने याच कायद्याखालचे, जप्त जनावरांच्या देखभालीचे 2017चे नियम कामाचे आहेत. जप्त जनावराची पशुवैद्यकाकडून तपासणी करायची, ओळखीची खूण करायची, खटला चालेपर्यंत न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने ते संस्थेकडे ठेवायचं. खूण बहुधा कानातल्या बिल्ल्याची. पशुधनाच्या सरकारी बिल्ल्यावर 12 अंकी क्रमांक असतो. सुपुर्दनाम्यातली संख्या, बिल्ल्यांचे क्रमांक आणि आज गोठ्यात उभी असलेली जनावरं ताडून पाहिली, की अर्धी बातमी हाती येते. मेलेल्या जनावराची नोंद कुठे आहे आणि शवविच्छेदन झालं का, हे विचारलं की उरलेली.

यात गोरक्षण संस्थांवर अविश्वास नाही. उलट प्रामाणिक संस्थांचं यात भलंच आहे. एका रात्रीत वीस-पंचवीस ढोरं दारात येतात, सकाळी पथक निघून जातं, आणि वैरणीची चिंता संस्थेच्या गळ्यात पडते. उन्हाळ्यात कडबा संपतो, कुटाराचे भाव चढतात. ही ओढाताण छापून आली, तर मदतीला हात पुढे होतील. आणि जिथे जनावरं कागदावरच जिवंत असतील, तिथलं पितळही उघडं पडेल.

तालुक्याच्या वार्ताहराला तुटपुंज्या मानधनात दहा विषय सांभाळावे लागतात, हे मान्य. तरीही अंजनगाव, दर्यापूर, अकोटच्या वार्ताहर मित्रांना माझी विनंती आहे. पुढची गाडी पकडली जाईल तेव्हा बिल्ल्यांचे क्रमांक डायरीत टिपून ठेवा आणि महिन्याभराने संस्थेत चक्कर मारा. वाचकांनीही, ती दुसरी बातमी दिसली नाही, तर संपादकांना पत्र लिहून विचारावं.