जंगलाचे नियम आणि दवाखान्याचे अंतर

ताडोबाच्या गाभा क्षेत्राचे दरवाजे दरवर्षी १ जुलैला पर्यटकांसाठी बंद होतात आणि १ ऑक्टोबरला उघडतात. नेमक्या याच तीन महिन्यांत सह्याद्रीतले घाट, गड आणि धबधबे माणसांनी फुलून जातात. एकीकडे जंगलातले रस्ते चिखलाचे होतात आणि प्राण्यांनाही निवांतपणा हवा म्हणून फेऱ्या थांबतात. दुसरीकडे शनिवार-रविवारी लोणावळ्याच्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागतात. ताडोबात जाणाऱ्याला वेळापत्रक आहे, नोंदणी आहे, सोबत गाइड आहे. धबधब्याखाली उभ्या राहणाऱ्याला बहुतेक वेळा फक्त बंदीचा फलक असतो आणि तोही पुष्कळदा अपघातानंतर लागलेला.

सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या डॉक्टरला हे दोन्ही प्रकारचे पर्यटक अपघात विभागाच्या दारात भेटतात. रुग्ण वन खात्याच्या हद्दीत जखमी झाला की महसूल खात्याच्या, याने उपचारात काही फरक पडत नाही. फरक पडतो तो किती वेळाने आला याने. वन पर्यटनाचे आणि साहसी पर्यटनाचे नियम गेल्या काही वर्षांत बदलत गेले आहेत आणि पुढेही बदलावे लागतील. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आहेत, म्हणजे तिथली गर्दी वाढणारच. नियम करताना वाघाचा, झाडांचा, महसुलाचा विचार होतो आणि तो व्हायलाच हवा. त्यात आणखी एक प्रश्न घातला पाहिजे: इथे माणूस जखमी झाला, तर किती वेळात उपचारापर्यंत पोहोचेल?

नियम आहेत, पण विखुरलेले

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात कोणाला, कशासाठी प्रवेश द्यायचा हे तो ठरवतो. वन्यप्राण्याला त्रास देणे, आवारात कचरा टाकणे यालाही त्यात मनाई आहे. २०२२ च्या दुरुस्तीने सर्वसाधारण गुन्ह्यांसाठीच्या दंडाची कमाल रक्कम २५ हजारांवरून एक लाख रुपयांवर नेली. साहसी पर्यटनासाठी राज्याने २०१८ मध्ये शासन निर्णय काढला आणि २०२१ मध्ये पर्यटन विभागाचे धोरण आले. आयोजकाने नोंदणी करावी, प्रशिक्षित माणसे ठेवावीत, सुरक्षिततेची तयारी असावी, हा त्यामागचा हेतू. धबधबे आणि धरणांसाठी जिल्हाधिकारी पावसाळ्यात मनाई आदेश काढतात. गडांवर पुरातत्त्व खाते असते.

इतकी खाती असूनही एक मोठा वर्ग कुणाच्याच कक्षेत नीट येत नाही. चार मित्र मोबाइलवर व्हिडीओ पाहून स्वतःच्या दुचाकीवर एखाद्या अनोळखी धबधब्यावर जातात. त्यांचा कोणी आयोजक नसतो. कुठे नोंद नसते, ते परत आले की नाहीत हेही कुणी पाहत नाही. आयोजकासाठी लिहिलेले उत्तमातले उत्तम धोरणही त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

माकडाला केळे देऊ नका

‘प्राण्यांना खायला घालू नका’ हा फलक बहुतेकांना प्राण्यांच्या भल्याचा वाटतो. तो तितकाच माणसाच्या भल्याचा आहे. घाटात गाडी थांबवून माकडांना केळी, वेफर्स देणाऱ्यांमुळे माकडे माणसाला भिनेनाशी होतात. मग हातातली पिशवी हिसकावण्याच्या झटापटीत लहान मुलाला चावा बसतो किंवा ओरखडा उठतो. सस्तन वन्यप्राण्याच्या चाव्यात रेबीजचा धोका गृहीतच धरावा लागतो आणि रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण वाचणे जवळपास अशक्य असते.

म्हणून चावा बसला की जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तंबाखू लावू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. लशीचा पहिला डोस त्याच दिवशी मिळतो आणि पुढचे ठरल्या तारखांना घ्यावेच लागतात. वन्यप्राण्याच्या चाव्याला तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणीत धरतात. त्यामुळे लशीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. ते प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असेलच असे नाही, म्हणून निघण्यापूर्वी फोन करून विचारलेले बरे.

कचऱ्याचेही तसेच. उरलेले अन्न पडले की तिथे मोकाट कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहणाऱ्यांना हे सांगायला नको. कचरा न टाकण्याचा नियम कुत्र्याचा चावा आणि बिबट्याचा हल्ला, दोन्ही कमी करू शकतो.

मेलेले माकड ही सूचना असते

१९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात एक नवा विषाणू सापडला. गोचिडांमार्फत पसरणारा हा आजार ‘माकडताप’ म्हणून ओळखला जातो. २०१६ पासून सिंधुदुर्गातील दोडामार्ग, सावंतवाडी परिसरात त्याचे रुग्ण आढळले आहेत आणि शेजारच्या गोव्यातील सत्तरीतही तो पोहोचला आहे. याचे दिवस साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे काजूच्या बागेत आणि रानात माणसांचा वावर असतो तेच.

या आजारात माणसांत साथ दिसण्याआधी पुष्कळदा माकडे मरतात. म्हणजे जंगलात मेलेले माकड पहिल्यांदा पाहणारा वनरक्षक किंवा गुराखी हाच आरोग्य विभागाचा पहिला खबऱ्या. मेलेल्या माकडाला हात लावू नये, त्या जागी गुरे नेऊ नयेत आणि लगेच कळवावे. रानातून आल्यावर अंग तपासावे, कपडे गरम पाण्यात धुवावेत. पुढे अचानक मोठा ताप आला, तर रानात गेल्याचे डॉक्टरला न विसरता सांगावे. ही चार वाक्ये जंगलाच्या प्रवेशद्वारावर मराठीत लिहिलेली असली, तर निदानातले काही दिवस वाचतील.

सापाच्या बाबतीत घड्याळ महत्त्वाचे

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यातले बहुतांश ग्रामीण भागातले आणि निम्म्याच्या आसपास पावसाळ्यातले. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर आपल्याकडचे प्रतिसर्पविष चालते. ते मोफत मिळते, पण वेळेत मिळाले तर. मण्यार रात्री चावते, दंश दुखत नाही, खूण दिसत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात आणि मग श्वास थांबू लागतो. धरणाकाठी तंबू टाकून राहण्याची हौस वाढली आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो. जमिनीवर झोपताना मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचावी, रात्री बॅटरीशिवाय पाय टाकू नये आणि अन्न तंबूबाहेर सांडू नये.

दंश झालाच, तर करकचून दोरी बांधू नये, जखम कापू किंवा चोखू नये. हात-पाय न हलवता, फळीचा आधार देऊन रुग्णाला झोपवून न्यावे. साप मारून सोबत आणण्याची गरज नाही. दंशाची वेळ मात्र लिहून ठेवावी. कॅम्पच्या परवान्यासाठी स्वच्छतागृहाची अट असते, तशीच ‘प्रतिसर्पविष असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते आणि तिथवर किती मिनिटे लागतात’ हे लिहून लावण्याची अटही असावी. असा एक कागद लावायला खर्च काहीच येत नाही.

उन्हातली सफारी

चंद्रपूरचा पारा एप्रिल-मेमध्ये ४५ अंशांपलीकडे जातो. पाणवठ्यावर वाघ हमखास दिसतो म्हणून पर्यटकांची झुंबडही याच काळात असते. उघड्या जिप्सीत आजी-आजोबा आणि लहान मुले काही तास बसतात. पर्यटक एक-दोन फेऱ्या करून घरी जातो, गाइड आणि चालक मात्र रोज त्याच उन्हात असतात. चक्कर, उलट्या, असंबद्ध बोलणे, तापलेले अंग ही उष्माघाताची लक्षणे. अशा वेळी पहिले काम अंग थंड करणे: सावली, ओले कपडे, वारा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नये. प्लास्टिकबंदी योग्यच आहे. पण बाटली काढून घेणाऱ्या गेटवर थंड पिण्याचे पाणी भरून घेण्याची सोयही हवी.

मोबाइलचेही असेच. ताडोबात डिसेंबर २०१८ पासून गाभा क्षेत्रात मोबाइल नेता येत नाही. वाघ दिसल्याचा निरोप क्षणात पसरतो आणि गाड्या गर्दी करतात, हे त्यामागचे कारण. ते किती खरे आहे हे ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात दिसले. तिथे वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट पर्यटकांच्या गाड्यांनी अडवली आणि उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. बंदीला डॉक्टर म्हणून माझा विरोध नाही. मात्र फोन काढून घेतला की गाडीत वायरलेस असला पाहिजे. कोणाच्या छातीत दुखू लागले, तर निरोप द्यायला गेटपर्यंत यावे लागू नये.

पाण्यात मिनिटे मोजावी लागतात

३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना पूल माणसांच्या भाराने कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. अशा दुर्घटनांनंतर मनाई आदेश येतात. त्यांची गरज आहे. पण सरसकट बंदीने गर्दी नाहीशी होत नाही, ती पोलीस नसलेल्या दुसऱ्या ओढ्यावर जाते.

मेंदूला चार-पाच मिनिटे प्राणवायू मिळाला नाही की कायमची इजा होऊ लागते. रुग्णवाहिका तेवढ्यात येणे शक्य नसते. बुडालेल्याला वाचवतो तो काठावरचाच माणूस. म्हणून गर्दीच्या ठिकाणी पाण्याची धोक्याची पातळी दाखवणारी खूण, दोर, तरंगणारी रिंग आणि कृत्रिम श्वास व छातीदाब शिकलेले गावातले चार तरुण असायला हवेत. पार्किंगच्या पावतीतून त्यांचे मानधन निघू शकते.

तिकीट न काढता जंगलात जाणारे

नियमांच्या चर्चेत पर्यटक मध्यभागी असतो. वाघाच्या हल्ल्यात मरणारे मात्र बहुतेक पर्यटक नसतात. ते असतात मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचणारे, मेमध्ये तेंदूपाने तोडणारे, गुरे चारणारे. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. राज्याने २०२३ मध्ये अशा मृत्यूसाठीची मदत २५ लाख रुपयांवर नेली, हे चांगलेच झाले. पण जो वाचतो त्याची कहाणी लांब असते. मानेवरच्या, डोक्यावरच्या खोल जखमा, त्यात होणारा जंतुसंसर्ग, धनुर्वात आणि रेबीजची लस, पुन्हापुन्हा शस्त्रक्रिया, बुडालेला हंगाम आणि रात्री दचकून उठणे. मोह-तेंदूच्या हंगामात आरोग्य विभागाचे फिरते पथक आणि वन खात्याचे गस्ती पथक एकमेकांच्या संपर्कात असले, तर यातले थोडे तरी हलके होईल. वनरक्षक आणि वनमजुरांना रेबीजची प्रतिबंधक लस आधीच देणे हाही नियमाचाच भाग असावा.

नवी नियमावली होईल तेव्हा तिच्यात फार नवे घालावे लागणार नाही. प्रत्येक तिकिटाच्या मागे जवळच्या रुग्णालयाचे नाव आणि अंतर छापावे. प्रत्येक गाइडला वर्षातून दोन दिवस प्रथमोपचाराचे प्रशिक्षण द्यावे. जंगलात, गडावर, पाण्यात झालेल्या प्रत्येक इजेची एक नोंदवही ठेवावी आणि ती आरोग्य विभागाकडेही जावी. कुठे, कधी, कशाने माणसे जखमी होतात हे माहीत नसेल, तर नियम अंदाजानेच लिहिले जाणार.

तोवर आपल्या हातात आहे ते आपण करू. निघताना कुठे जातो आणि कधी परततो हे घरी सांगून ठेवावे. रुग्णवाहिकेसाठी १०८, वन विभागासाठी १९२६ हे क्रमांक कागदावर लिहून खिशात ठेवावेत, कारण मोबाइल भिजतो. नेहमीची औषधे सोबत घ्यावीत. आणि पोहोचल्यावर फोटो काढण्याआधी कुणा गावकऱ्याला विचारावे, ‘दादा, इथून दवाखाना किती लांब?’ उत्तर ऐकून पाण्यात किती पुढे जायचे, हे आपोआप ठरेल.