शितावरून भाताची परीक्षा, पण शीत कुठलं?

विशेष मुलांच्या शाळेत नाव घालताना आई वर्ग बघते, बाईंना भेटते, रिक्षाची सोय विचारते. आणि निघता निघता हळूच एक प्रश्न विचारतेच, ''इथून बाहेर पडलेली मुलं पुढे काय करतात हो?''

बहुतेक ठिकाणी उत्तरादाखल भिंतीवरचा एखादा फोटो दाखवला जातो. हा मुलगा बेकरीत लागला, ही मुलगी कॉम्प्युटर शिकली. फोटो खोटा नसतो. त्या मुलांचं कौतुक करावं तेवढं थोडंच. पण त्यांच्याच वर्गात आणखी दहाबारा मुलं होती, त्यांचं काय झालं? ती घरी बसून आहेत का? की मधेच शाळा सोडून गेली? हे कुणालाच सांगता येत नाही.

मैत्रिणींनो, हाच प्रश्न अमेरिकेत गेली चाळीसेक वर्षं सरकारी पातळीवर विचारला जातोय. आणि त्याचं उत्तर शोधताना खरी अडचण कुठे आली, माहितीये? प्रश्न काय विचारायचे यात नव्हे, तर कुणाला विचारायचे यात!

आधी वाटे, मग चिठ्ठ्या

अमेरिकेत दिव्यांग मुलांना सरकारी शाळेत मोफत आणि योग्य शिक्षण मिळालंच पाहिजे, असा कायदा 1975 साली झाला. शाळेची दारं उघडली. पण मुलं मोठी होऊन बाहेर पडू लागली तेव्हा नवा प्रश्न उभा राहिला, पुढे काय? म्हणून 1983 साली तिथल्या संसदेने देशभराचा अभ्यास करायला सांगितला. एसआरआय इंटरनॅशनल या संस्थेने आठ हजारांहून जास्त मुलामुलींची माहिती गोळा केली. पुढे 2000-01 मध्ये दुसरा अभ्यास सुरू झाला. त्यात सुमारे 11 हजार मुलं होती आणि 2009 पर्यंत पुन्हा पुन्हा त्यांच्याशी किंवा त्यांच्या आईवडिलांशी संपर्क ठेवला गेला.

एवढ्या मोठ्या देशात सगळ्यांना विचारणं अशक्यच. मग ही मुलं निवडली कशी? आधी शाळांचे जिल्हे निवडले. लहान-मोठे, गरीब-सधन, देशाच्या सगळ्या भागांतले. मग त्या जिल्ह्यांच्या यादीतून अपंगत्वाच्या प्रकाराप्रमाणे वाटे केले आणि प्रत्येक वाट्यातून जणू चिठ्ठ्या टाकून नावं काढली. 'हुशार मुलगा आहे, त्याला विचारा' ही भानगडच नाही.

वाटे कशासाठी? कारण काही प्रकारची मुलं फार थोडी असतात. ज्यांना दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, अशी मुलं सरसकट चिठ्ठ्या टाकल्या तर एखाददुसरीच येतील. म्हणून अशांना मुद्दाम जास्त प्रमाणात घेतलं आणि शेवटी हिशेब करताना प्रत्येकाला त्याच्या खऱ्या प्रमाणाइतकंच वजन दिलं.

हे किती गरजेचं होतं ते 2009 च्या आकड्यांवरून दिसतं. शाळा सोडून काही वर्षं झालेल्या या तरुणांपैकी मुलाखतीच्या वेळी सुमारे 60 टक्के कुठे ना कुठे काम करत होते. पण पोटात शिरून बघितलं तर? वाचन-लेखनात अडचण असलेल्या, म्हणजे अध्ययन अक्षमतेच्या गटात हे प्रमाण 67 टक्क्यांच्या आसपास, आणि ऑटिझम असलेल्यांमध्ये 37 च्या आसपास! ऑटिझमवाल्या मुलाच्या आईला 60 टक्के हा आकडा सांगून काय उपयोग? तिला तिच्या मुलासारख्या मुलांचं काय झालं, ते हवं असतं.

ज्यांचा फोन लागत नाही

2004 साली कायदा बदलला. त्यानंतर अमेरिकेतल्या प्रत्येक राज्याला दर वर्षी हा हिशेब द्यावा लागतो. शाळा सोडून वर्ष झालं की मुलांना किंवा घरच्यांना विचारतात, कॉलेजात जातोस का? नोकरी करतोस का? नोकरी कशाला म्हणायचं तेही ठरलेलं आहे. किमान वेतन किंवा त्याहून जास्त पगार, आठवड्याला 20 तास आणि वर्षभरात निदान 90 दिवस. मामाच्या दुकानात दोन दिवस बसला, तर ती त्यात धरत नाहीत.

राज्याला सगळ्यांना विचारायचं नसेल तर नमुना निवडता येतो. पण 50 हजारांहून जास्त विद्यार्थी असलेला शाळा-जिल्हा दर वर्षी घ्यावाच लागतो. बाकीच्यांची पाळी ठरलेल्या वर्षांच्या फेरीत एकदा तरी यायलाच हवी. आणि यादीत फक्त पास झालेली मुलं नसतात. नुसतं प्रमाणपत्र घेऊन गेलेली, वय झालं म्हणून बाहेर पडलेली आणि मधेच शाळा सोडलेली, सगळी असतात.

यादी चोख झाली तरी खरी गोम पुढेच आहे. फोन कोण उचलतं? ज्याचं बरं चाललंय त्याच्या घरचे आनंदाने बोलतात. ज्याने शाळा अर्ध्यात टाकली, त्याचं घर बदललेलं असतं, नंबर बंद असतो. किंवा आईला वाटतं, काय सांगायचं कपाळ!

एक साधा हिशेब करून बघू. समजा, शाळेतून 100 मुलं बाहेर पडली. 60 पास होऊन आणि 40 मधेच सोडून. आपण फोन केले तेव्हा पास झालेल्यांपैकी 45 जण बोलले, त्यातले 36 कामाला होते. सोडून गेलेल्यांपैकी फक्त 5 जण सापडले, त्यातले 2 कामाला. म्हणजे 50 पैकी 38. शाळा अभिमानाने सांगेल, ''आमची 76 टक्के मुलं कामाला लागली!''

आता प्रत्येक गटाला त्याचा खरा वाटा देऊ. पास झालेल्यांत 80 टक्के कामाला, म्हणजे 60 पैकी 48. सोडून गेलेल्यांत 40 टक्के, म्हणजे 40 पैकी 16. एकूण 64. तेच फोन, तीच उत्तरं, पण 76 चे झाले 64! कुणी खोटं बोललं नाही. फक्त गप्प राहिलेली घरं हिशेबातून गळली होती.

आणि हे 64 सुद्धा कच्चंच बरं का. सापडलेली ती 5 मुलं न सापडलेल्या 35 जणांसारखीच असतील कशावरून? एकेका मुलाच्या डोक्यावर आठ जणांचं ओझं! म्हणून हिशेबाची हुशारी शेवटी, आधी जास्तीत जास्त घरं गाठायची.

त्यासाठी तिथे अगदी घरगुती उपाय करतात. मूल शाळेत असतानाच आईचा, मावशीचा, शेजाऱ्यांचा असे दोनतीन नंबर घेऊन ठेवायचे. वर्षभराने फोन येईल हे आधीच सांगायचं. अनोळखी माणसापेक्षा मुलाला ओळखणाऱ्या बाईंनीच फोन करायचा. शेवटी यादीतलं आणि उत्तरांमधलं प्रमाण शेजारी शेजारी ठेवून बघायचं. मुली यादीत किती आणि बोलल्या किती? शाळा सोडलेले किती? फरक तीन टक्क्यांच्या पुढे गेला की खूण करायची आणि त्या गटाला पुन्हा गाठायचा प्रयत्न करायचा.

आपण काय विचारायचं?

आपल्याकडे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांचं सर्वेक्षण करायची तरतूद आहे. ती दिव्यांग मुलं ओळखून त्यांच्या गरजा समजून घेण्यासाठी. शाळा संपल्यावरचं मात्र आपणच विचारायला हवं. शाळेच्या पालकसभेत आपण आया एवढे चार प्रश्न तर नक्कीच विचारू शकतो.

एक, गेल्या दोनतीन वर्षांत बाहेर पडलेल्या सगळ्या मुलांची यादी आहे का?

दोन, त्यातल्या किती जणांशी खरंच बोलणं झालं?

तीन, मधेच सोडून गेलेली मुलं आणि घरी राहिलेल्या मुली त्यात धरल्या का?

चार, 'कामाला लागला' म्हणजे पगार किती आणि किती दिवस?

यात शाळेला कोंडीत पकडायचा हेतू नाही. लहान गावातल्या शाळेतून वर्षाला दहाबारा मुलं बाहेर पडत असतील, तर नमुना काढायची गरजच नाही. एक वही आणि सुट्टीतले चार दिवस, एवढ्यात सगळ्यांना फोन होतात. आणि खरा आकडा हाती आला की शाळेलाही कळतं, शिवण शिकवून भागतंय की एकट्याने बसने जायला शिकवायला हवं.

आपल्या आज्ज्या शितावरून भाताची परीक्षा करायच्या. पण त्या भात आधी खालपासून हलवायच्या. वरवरचं एकच शीत चेपलं, तर तळाला लागलेलं कळत नाही.

म्हणून एक सांगणं. मुलाची शाळा सुटून वर्ष झालंय आणि जुन्या बाईंचा फोन आला, तर उचला. ''आमचा घरीच असतो हो, त्याचं काय सांगायचं?'' असं म्हणून ठेवून देऊ नका. तो दिवसभर काय करतो, कशात अडतो, तुम्ही किती थकता, सगळं सांगा. तुमचं उत्तर वहीत आलं, तर पुढच्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी शाळा काहीतरी वेगळं करू शकेल.