तांबड्या केसांशी कुणाचं काय वाकडं?

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काहींनी विचारलं, की तांबडे केस हा काय व्याख्यानाचा विषय आहे? आपल्याकडे जात आहे, धर्म आहे, भाषा आहे; पूर्वग्रहांचा काही दुष्काळ नाही. खरं आहे. पण त्या प्रत्येक भांडणात आपण कुठल्या ना कुठल्या बाजूला उभे असतो, आणि बोलायला तोंड उघडलं की समोरचा आधी आपलं आडनाव आठवतो. इंग्लंडमधल्या एखाद्या शाळेत मुलाला ‘जिंजर’ म्हणून चिडवतात, यात आपलं काहीच अडकलेलं नाही. त्यामुळे हा प्रकार चालतो कसा, ते जरा शांतपणे पाहता येतं. जिंजर म्हणजे आलं. आता आलं काही तांबडं नसतं, पण टोपणनावांना तर्क कुठे लागतो!

आधी शरीराचं बोलू, ते थोडक्यात होतं. केसांचा रंग मेलॅनिन या द्रव्यावर ठरतो. त्याचे मुख्य दोन प्रकार. युमेलॅनिन काळसर-तपकिरी, फिओमेलॅनिन तांबूस-पिवळं. सोळाव्या गुणसूत्रावर एमसी१आर नावाचं एक जनुक आहे. त्याची काही वेगळी रूपं आईकडून आणि वडिलांकडून अशी दोन्हीकडून आली, तर युमेलॅनिन कमी आणि फिओमेलॅनिन जास्त तयार होतं, आणि केस तांबडे होतात. हा संबंध १९९५ साली संशोधकांनी दाखवून दिला. दोन्हीकडून यावं लागत असल्यामुळे आईवडील दोघांचे केस काळे किंवा तपकिरी असूनही मूल तांबड्या केसांचं जन्मू शकतं. जगात अशी माणसं एक ते दोन टक्के. स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये प्रमाण कितीतरी पटींनी जास्त. या लोकांची त्वचा उन्हात लवकर भाजते, त्वचेच्या कर्करोगाचा धोका जास्त असतो. हा फरक खरा आहे. पण थट्टा होते ती वेगळ्याच गोष्टींवरून: ही माणसं तापट, लबाड, विश्वास ठेवू नये अशी. त्याला या जनुकात कुठेही आधार नाही.

मग हे आलं कुठून? मध्ययुगीन युरोपातली चर्चमधली चित्रं पाहिलीत, तर येशूला पकडून देणारा जुडास अनेकदा तांबड्या केसांचा आणि तांबड्या दाढीचा दिसतो. आता बायबल उघडा. जुडासच्या केसांबद्दल तिथे एक शब्द नाही. चित्रकारांनी हा रंग आणला, कारण गर्दीत विश्वासघातकी माणूस लगेच ओळखू यायला हवा होता, आणि त्या काळच्या युरोपात ज्यू माणूस तांबड्या केसांचा रंगवायची रीत पडत चालली होती. ज्यूंमध्ये तांबड्या केसांची माणसं होती, पण बहुसंख्य मुळीच नव्हती. शेक्सपियरच्या नाटकातला ज्यू सावकार शायलॉक, तो रंगमंचावर तांबडा टोप घालून यायचा असं नाट्य-इतिहासकार मानतात. १८१४ साली लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात एडमंड कीन काळा टोप घालून उभा राहिला, तेव्हा ती प्रथा मोडली. तरी पुढे १८३७ मध्ये डिकन्सने ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ लिहायला घेतली, तेव्हा पोरांना चोऱ्या शिकवणाऱ्या म्हाताऱ्या ज्यू फेगिनला त्याने तांबडेच केस दिले. इथे क्रम नीट पाहा. ज्यूंचा द्वेष आधीपासून होता. रंग त्याला नंतर चिकटवला. आणि एकदा चिकटल्यावर तो रंग स्वतःच्या पायांवर चालायला लागला. ज्याचा ज्यूंशी काही संबंध नाही अशा खेड्यातल्या पोरालाही तो भोवला.

दुसरं एक स्पष्टीकरण नेहमी दिलं जातं. इंग्रजांना स्कॉटिश आणि आयरिश लोकांबद्दल जुना तुच्छभाव, आणि तांबडे केस ही त्या लोकांची खूण, म्हणून थट्टा. मला हे अर्धंच पटतं. कारण खुद्द स्कॉटलंडमध्येही तांबड्या केसांच्या मुलांना चिडवतातच. आणि इंग्लंडच्या गादीवर १५५८ ते १६०३ अशी चव्वेचाळीस वर्षं जी पहिली एलिझाबेथ बसली होती, तिचे केस तांबूस-सोनेरी होते. उतारवयात तिने टोप वापरले तेही तांबडेच. तिला जिंजर म्हणायची कुणाची छाती होती?

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे तर हा प्रश्नच नाही. थांबा. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात कुठल्या मुलीशी लग्न करू नये याची यादी आहे, आणि तिची सुरुवातच ‘कपिला’ मुलीपासून होते. कपिला म्हणजे पिंगट-तांबूस केसांची, असा अर्थ टीकाकार लावतात. आणि गंमत पाहा, पतंजलीच्या महाभाष्यात, म्हणजे साधारण इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, ब्राह्मण कसा ओळखावा याची लक्षणं सांगताना गोरेपणा आणि शुद्ध आचरणाबरोबर कपिल केसही येतात! पुरुषाच्या डोक्यावर तो रंग प्रतिष्ठेची खूण, आणि लग्नाच्या मुलीच्या डोक्यावर तोच अपशकुन. आज आपल्याकडे लहान मुलाचे केस तांबूस आणि विरळ दिसले, तर अंगणवाडीताईच्या मनात पहिली शंका कुपोषणाची येते, आणि ती रास्त आहे. घाऱ्या डोळ्यांच्या माणसाला जपून राहा, असं सांगणारी एखादी आजी मात्र तुम्हाला भेटलीच असेल. ती शंका कुठल्या शास्त्राची?

परत पश्चिमेकडे येऊ, कारण यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग अगदी अलीकडचा आहे. २००५ साली ‘साऊथ पार्क’ या अमेरिकन कार्टून मालिकेचा एक भाग आला. त्यात कार्टमन नावाचा आगाऊ मुलगा वर्गात भाषण ठोकतो, की जिंजर मुलांना आत्मा नसतो. मग दोस्त त्याचेच केस रात्रीतून तांबडे करतात आणि हा पठ्ठ्या एका रात्रीत जिंजरांचा पुढारी होतो. लेखकांना खिल्ली उडवायची होती ती पूर्वग्रहाची. मुलांनी उचललं काय? आत्मा नसतो, एवढंच. २००८ मध्ये कॅनडातल्या एका १४ वर्षांच्या मुलाने फेसबुकवर ‘जिंजरला लाथ मारा’ दिवस जाहीर केला, २० नोव्हेंबर. गटात सुमारे ५,००० सदस्य जमले. त्या दिवशी शाळांमध्ये खरोखर लाथा बसल्या आणि पोलिसांना चौकशी करावी लागली. पुढच्या वर्षी त्याच तारखेला कॅलिफोर्नियातल्या कॅलाबासस इथे १२ वर्षांच्या एका तांबड्या केसांच्या मुलाला शाळेतल्या मुलांच्या टोळक्याने मारहाण केली. मारणाऱ्यांपैकी कुणाचं त्याच्याशी पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर नव्हतं. त्यांना परवानगी मिळाली होती, बस्स.

आणि ही परवानगी मोठी माणसंही देतात. २०१० मध्ये ब्रिटनच्या मजूर पक्षाच्या उपनेत्या हॅरिएट हार्मन यांनी जाहीर भाषणात विरोधी मंत्री डॅनी अलेक्झांडर यांना तांबडा उंदीर या अर्थाची उपमा दिली. गंमत अशी, की समानतेच्या कायद्याचं काम याच बाईंनी मंत्री असताना पुढे नेलं होतं. त्यांनी नंतर माफी मागितली. त्वचेच्या रंगावरून असं काही बोलणं त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं. केस मात्र चालून गेले.

मग हा वंशद्वेषच आहे का? नाही. इथे मी जरा कडक बोलतो. तांबड्या केसांमुळे कुणाला पिढ्यान्‌पिढ्या गुलाम केलं नाही, कायद्याने मतदान नाकारलं नाही, पाणवठ्यावरून हाकललं नाही. दोन्ही गोष्टी एका तराजूत टाकणारे लोक बहुतेक वेळा दुसरीचं वजन कमी करायला निघालेले असतात. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात संरक्षण दिलेली नऊ लक्षणं आहेत, त्यांत केसांचा रंग नाही. तो घालायलाच हवा असं मलाही वाटत नाही. पण दहा वर्षांच्या मुलाला कायद्याचं कलम दिसत नसतं, त्याला रोजची मधली सुट्टी दिसत असते. मुलाने तक्रार केली की मास्तर म्हणतात, अरे, थट्टाच आहे ती! ‘काळ्या’, ‘बुटक्या’, ‘ढापण्या’ ऐकत वाढलेल्यांना हे वाक्य मी समजावून सांगायला नको.

शेवटी एक वेगळी हकीकत. २००५ मध्येच नेदरलँड्समधल्या आस्टेन गावी बार्ट राउवेनहॉर्स्ट नावाच्या चित्रकाराला तांबड्या केसांच्या १५ मॉडेल हव्या होत्या. त्याने पेपरात जाहिरात दिली, आणि १५० जणी आल्या. एवढ्यांना परत कसं पाठवायचं, म्हणून त्याने त्यांचा एक मेळावाच भरवला. तो पुढे दरवर्षी भरू लागला. २०१३ साली ब्रेडा शहरात १,६७२ माणसं एकत्र उभी राहिली आणि त्याचा जागतिक विक्रम नोंदला गेला. हल्ली मेळावा टिलबर्गला भरतो. फोटो काढतात, गाणीबजावणी होते, उन्हापासून कातडी कशी जपायची याच्या कार्यशाळा असतात. येणाऱ्यांपैकी अनेक जण सांगतात, की वर्गात, गल्लीत, ऑफिसात आपण नेहमी एकटेच असायचो. आपल्याकडे कुणीही वळून बघत नाही असे हे पहिलेच दोन-तीन दिवस. आता तुमचे प्रश्न घेऊ.