आरोग्य योजनेचा लाभ कोणाला? सीमाभागातील कुटुंबांसाठी माहिती



महाराष्ट्र सरकारची महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागाला लागू झाल्यापासून तिच्यावर बरीच चर्चा झाली. योजना कोणाची, पात्र कोण आणि प्रत्यक्षात उपचार कुठे मिळतात, याबाबत अनेक घरांत अजून गोंधळ आहे. म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

सरकारी खर्चाने उपचार देताना कोणतेही राज्य सहसा दोन गोष्टी पाहते : माणूस राहतो कुठे आणि कुटुंबाची आर्थिक स्थिती काय. शेजारच्या गोव्याचे उदाहरण घ्या. तेथील दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेसाठी गोव्यात किमान ५ वर्षांचे वास्तव्य लागते. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २०१८ पासून परराज्यातील रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हा सिंधुदुर्ग आणि कारवारकडच्या लोकांना त्याची झळ बसली. भाषा, नाती, बाजारहाट एक असले तरी तिथे रहिवासाचा दाखला महत्त्वाचा ठरला.

आपल्या भागात मात्र तिसरी कसोटी आली, ती दाव्याची. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल महाराष्ट्राने मान्य केला नाही आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. बेळगाव, निपाणी, कारवार, बिदर, भालकीसह ८६५ गावांसाठी दाव्याचा पाठपुरावा करण्याचा ठराव महाराष्ट्र विधिमंडळाने २७ डिसेंबर २०२२ रोजी एकमताने केला. पाठोपाठ २०२३ मध्ये याच ८६५ गावांना फुले योजना लागू करण्याचा निर्णय झाला आणि त्यासाठी ५४ कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली.

कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी त्यास जाहीर विरोध केला. जानेवारी २०२४ मध्ये बेळगाव जिल्ह्यात या योजनेची नोंदणी करणारी केंद्रे प्रशासनाने बंद केली. कर्नाटकाचे म्हणणे असे, की प्रकरण न्यायालयात असताना दुसऱ्या राज्याने आमच्या हद्दीत योजना राबवणे योग्य नाही. महाराष्ट्राची बाजू अशी, की ज्या जनतेसाठी आपण दावा लढतो तिला वाऱ्यावर सोडता येत नाही. सीमालढ्यातील हुतात्म्यांच्या वारसांना महाराष्ट्र निवृत्तिवेतन देतोच, मग उपचार का देऊ नयेत?

या वादात एक साधी गोष्ट मागे पडते. या योजनांत रुग्णाच्या हातात पैसे येत नाहीत. सरकार किंवा विमा कंपनी ठरलेल्या दराने रुग्णालयाला पैसे देते. त्यामुळे कार्ड कोणतेही असो, रुग्णालय त्या योजनेच्या यादीत असेल आणि तो आजार योजनेत बसत असेल, तरच उपयोग. कोल्हापूर किंवा मिरजेला जाण्यापूर्वी तेथील रुग्णालयात या दोन्ही गोष्टी विचारून घ्याव्यात. यादीतील रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ असतो. सीमाभागातील रुग्णासाठी कोणता रहिवासी पुरावा चालेल, तेही त्यालाच विचारावे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. कर्नाटकाचे रहिवासी म्हणून ‘आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक’ योजनेवर आपला हक्क आहेच. बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. एपीएल कुटुंबाला ठरलेल्या दराच्या ३० टक्के रक्कम, वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत मिळते. बाकीचे पैसे घरचे. म्हणजे एपीएल कार्ड असलेल्या, पण बेताच्या कमाईच्या कुटुंबाची ओढाताण होते आणि दुसऱ्या योजनेची गरज त्यालाच जास्त भासते. कर्नाटकाच्या योजनेत आधी सरकारी रुग्णालयात दाखवून तेथून पुढे पाठवल्याचे पत्र घ्यावे लागते. तातडीच्या प्रसंगी मात्र हे पत्र आधी लागत नाही. हे ठाऊक नसल्याने परस्पर खासगी रुग्णालयात जाणाऱ्याच्या पदरी निराशा येते.

कर्नाटकाचे कार्ड वापरल्याने मराठीपणाला किंवा सीमाप्रश्नाच्या मागणीला बाधा येते, असे आम्हाला वाटत नाही. आपण इतकी वर्षे इथलेच रेशन घेतो आणि इथलाच कर भरतो. तसेच महाराष्ट्राने देऊ केलेला उपचार घेणे हा इथल्या सरकारविरुद्ध गुन्हाही नव्हे. हद्दीचा निवाडा न्यायालय करील तेव्हा करील. डायलिसिसची तारीख तोवर थांबत नाही.

तेव्हा प्रत्येक घराने आजारपण येण्याआधीच एवढे करून ठेवावे :

• रेशन कार्ड आणि आधार कार्डावरील नावे जुळतात का, ते पाहावे. मराठी नाव कन्नडमध्ये आणि तेथून इंग्रजीत जाताना अक्षरे बदलतात आणि ऐनवेळी काम अडते.
• लग्न होऊन आलेल्या सुनेचे आणि नव्या बाळाचे नाव रेशन कार्डावर चढवून घ्यावे.
• दोन्ही राज्यांच्या योजनांच्या यादीत जवळची कोणती रुग्णालये आहेत, ते लिहून ठेवावे.
• अर्ज नाकारला तर कारण लेखी मागावे.

घरातील ज्येष्ठांना कन्नड अर्ज वाचता येत नसतील, तर कन्नड शाळेत शिकलेल्या तरुण मुला-मुलींनी त्यांच्यासोबत जावे. शेजारच्या घरात असे कोणी नसेल, तर त्यांनाही हात द्यावा. योजना कोणाची हा वाद चालू राहील, पण कागद अपुरा राहिला म्हणून आपल्यातील कोणाचा उपचार राहू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.