एका गुणाचा अंतिम सामना : अल्टिमेट खो-खोचा पहिला हंगाम

अल्टिमेट खो-खो या व्यावसायिक लीगचा पहिला हंगाम १४ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर २०२२ या काळात पुण्यातील म्हाळुंगे-बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात झाला. सहा संघांमध्ये चौतीस सामने रंगले आणि अंतिम सामन्यात ओडिशा जगरनॉट्सने तेलुगू योद्धाजवर ४६-४५ अशी मात केली. निसटते विजय खो-खोला नवे नाहीत. मात्र हा विजय ज्या उडीवर मिळाला तिचे मोल जुन्या नियमांत वेगळे ठरले असते.

खो-खोचे नियम पहिल्यांदा लेखी झाले ते पुण्यातच. डेक्कन जिमखान्याने १९१४ साली ते तयार केले. पुढे १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, त्यांत खो-खो होता. पुरुषांची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्याला झाली. तेव्हापासूनची कित्येक दशके हा खेळ मातीवर, राज्य आणि संस्थांच्या संघांतून खेळला गेला. चांगल्या खेळाडूला मिळणारे मोठे बक्षीस म्हणजे रेल्वेतली किंवा एखाद्या सार्वजनिक उपक्रमातली नोकरी.

पारंपरिक सामन्यात आक्रमक संघाचे आठ गडी मध्यपाटीवरच्या चौकोनांत एकाआड एक उलट दिशांना तोंड करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. त्याला मध्यपाटी ओलांडता येत नाही, धावण्याची दिशाही मनाला येईल तशी बदलता येत नाही. समोरून संरक्षणाला तिघांची तुकडी उतरते. एक पाळी नऊ मिनिटांची असते. गडी साध्या स्पर्शाने बाद होवो की खांबावर सूर मारून, गुण एकच. म्हणून जाणकार गुणांपेक्षा वेळ मोजतात. कोणी किती मिनिटे संरक्षण केले, किती वेळ राखून विजय मिळाला, यावर त्यांची वाहवा अवलंबून असते. नवख्या प्रेक्षकाला मात्र हा हिशेब कळेपर्यंत सामना संपलेला असतो.

लीगने घाव घातला तो नेमका या हिशेबावर. पाळी सात मिनिटांची झाली, मैदान आखूड झाले, मातीऐवजी मॅट आली. साध्या स्पर्शाला दोन गुण आणि सूर मारून बाद केल्यास तीन गुण, असे ठरले. संरक्षकांची तुकडी अडीच मिनिटे टिकली की तिला बोनस गुण. सगळ्यांत मोठा बदल म्हणजे ‘वजीर’. या एका आक्रमकाला दिशेचे बंधन नाही. तो कोणत्याही बाजूला वळू शकतो. ‘पॉवरप्ले’ या ठरावीक टप्प्यात तर दोन वजीर वापरता येतात. जुन्या खेळाडूंना हा प्रकार खटकणे स्वाभाविक होते, कारण खो-खोतली सारी बुद्धी दिशेच्या बंधनातूनच उपजलेली आहे. तरीही वजिरामुळे संरक्षकाला दोनदा विचार करावा लागला आणि खेळाचा वेग वाढला, हे मान्य करावे लागते.

सहा संघांपैकी मुंबई खिलाडीज आणि राजस्थान वॉरियर्स साखळीतच बाद झाले. गुजरात जायंट्स, ओडिशा जगरनॉट्स, तेलुगू योद्धाज आणि चेन्नई क्विक गन्स यांनी बाद फेरी गाठली. महाराष्ट्राच्या प्रेक्षकांना घरचा म्हणावा असा मुंबईचा संघ लवकर गेला, तरी मैदानावर मराठी नावांची वाण नव्हती. संघ कोणत्याही राज्याच्या नावाचा असो, त्यात सांगली, पुणे, मुंबई-ठाण्याच्या मैदानांवर तयार झालेले खेळाडू होतेच. तेलुगू योद्धाजचा कर्णधार पुण्याचा प्रतीक वाईकर होता.

अंतिम सामन्याच्या अखेरच्या पाळीत तेलुगू संघ ४५-४३ असा पुढे होता आणि घड्याळात काही क्षणच उरले होते. साध्या स्पर्शाने ओडिशाला फक्त बरोबरी साधता आली असती. ओडिशाच्या सूरज लांडेने आकाशीय सूर मारला, संरक्षक बाद झाला आणि त्या एका उडीचे तीन गुण मिळून ओडिशा एका गुणाने पुढे गेला. विजेत्यांना एक कोटी रुपये मिळाले, उपविजेत्यांना पन्नास लाख. दुसरा हंगाम कटकला झाला. त्याच्या १३ जानेवारी २०२४ च्या अंतिम सामन्यात गुजरात जायंट्सने चेन्नईला ३१-२६ असे हरवले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. तिथे वाईकरच्या नेतृत्वाखाली भारतीय पुरुषांनी नेपाळवर ५४-३६ असा विजय मिळवला. प्रियांका इंगळेच्या संघाने महिलांची अंतिम लढत नेपाळविरुद्धच ७८-४० अशी जिंकली.

या मोठ्या मंचांपासून दूर, डहाणू आणि तलासरी या आदिवासी तालुक्यांत खो-खोची ओळख होते ती शाळेच्या मैदानावर. फक्कीच्या रेघा आणि दोन खांब एवढ्यावर काम भागते, त्यामुळे आश्रमशाळांना हा खेळ परवडतो. पावसाळा ओसरला की सराव सुरू होतो. डहाणूच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या पातळीवर स्पर्धा होतात, तिथून निवडलेली मुले ठाणे विभागात आणि मग राज्य पातळीवर खेळतात. क्रीडा खात्याच्या शालेय स्पर्धांची वाट वेगळी : तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, आणि १४, १७, १९ वर्षांखालील असे गट. मान्यताप्राप्त स्पर्धांत ठरावीक कामगिरी केलेल्यांना राज्य शासनाच्या नोकऱ्यांत पाच टक्के खेळाडू आरक्षण आहे. म्हणून प्रत्येक पातळीवरचे प्रमाणपत्र जपून ठेवावे.

या मुलांना पळणे आणि हुलकावणी देणे शिकवावे लागत नाही. अडचण सुराची आहे. मुरमाड मैदानावर सूर मारायचा म्हणजे कोपर-गुडघे सोलून घ्यायचे. तेव्हा मुले तो टाळतात आणि मॅटवर उतरल्यावर तिथेच मागे पडतात. तीन गुणांचा सूर हाच निर्णायक ठरू लागला असताना तालुक्याच्या ठिकाणी सरावासाठी एक मॅट असणे ही आता चैन राहिलेली नाही. दुसरी उणीव लीगची स्वतःची. पहिल्या हंगामात महिलांचा एकही संघ नव्हता. धाराशिवच्या सारिका काळेला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला होता, त्यामुळे खेळाडू नव्हत्या असे म्हणता येत नाही. आश्रमशाळांच्या स्पर्धांत मुलींचे संघ मुलांच्या बरोबरीने उतरतात. व्यावसायिक लीगने त्यांच्यासाठी लवकरात लवकर जागा करावी.